वन्सं, गाडीला खांदा नसतो

ट्रेलरचं बूड डावीकडं गेलं, मग उजवीकडं गेलं, आणि परत डावीकडं गेलं तेव्हा आमच्या गाडीलाही ओढत घेऊन गेलं. राजगुरुनगर सोडून धरणाकडं जाताना जो लांब उतार लागतो, तिथं. समोरून लाल एसटी चढत होती. स्टिअरिंग तुमच्या हातात होतं, वन्सं. तुमच्या शेजारी माझा दत्ता, मागच्या सीटवर मी आणि माझ्या दोन्ही बाजूंना नातवंडं, आणि सगळ्यात मागं सामानात अंग चोरून बसलेली सून शीतल. शीतल म्हणाली, "आई, तो बाजूनं दिसतोय." मी मान वळवली. जो पांढरा डबा आमच्या पाठीमागं असायला पाहिजे, तो ओवीच्या खिडकीत दिसत होता.

दत्ता ओरडला, "ब्रेक मार आत्या! अगं ब्रेक मार!"

तुम्ही ब्रेक मारला नाही.

मला तुमचे हात दिसत होते. चाक ते इकडं वळवत नव्हते आणि तिकडंही वळवत नव्हते. दाराची चौकट धरून माणूस उभं राहतं तसं धरलं होतं. गाडी नुसती घरंगळत होती. एसटीवाल्यानं कडेला घेऊन हॉर्न दाबून धरला होता. एसटी गेली तेव्हा तिच्या खिडकीत एक बाई दिसली, तिनं पदर तोंडावर घेतला होता. मग ते बूड हलायचं थोडं कमी झालं. मग आणखी कमी. उतार संपला, रस्ता सपाट झाला, आणि डबा परत पाठीमागं जाऊन गुमान चालायला लागला. बाभळीपाशी तुम्ही गाडी थांबवलीत. धाकटा मल्हार म्हणाला, "आत्याआजी, परत कर ना."

तुमच्या दशक्रियेला घाटावर माइक लावला होता. एक माजी नगरसेवक बोलले, त्यांच्यानंतर एक बुवा बोलले. तुम्ही कष्टाळू होता, प्रेमळ होता, तुमच्या जाण्यानं पोकळी झाली, असं सांगितलं. नगरसेवकांनी तुमचं नाव चिठ्ठीत बघून घेतलं आणि तरी हौसाबाईचं हंसाबाई केलं. मी खालच्या पायरीवर बसून ऐकत होते. तुम्ही असता तर मला कोपर मारून म्हणाला असता, "वैनी, ही कोण बाई गेली म्हणायची?" म्हणून हे मी लिहिते. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात जमेल तेवढं.

वयानं तुम्ही माझ्याहून लहान. पण नवऱ्याची बहीण म्हणून मानानं मोठ्या. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही परकर नेसून बांधावर बोरं खात होता, आणि मी तुम्हाला वाकून "वन्सं, जेवायला चला" म्हणत होते. तेव्हाचं अहोजाहो शेवटपर्यंत गेलं नाही. भांडलो तेही तुम्हीतुम्ही करून भांडलो.

तुमचा नवरा लवकर गेला आणि तुम्ही भावांकडं परत आलात. बसून खाल्लं नाहीत. दादांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, ट्रॅक्टर घेतला तर तो तुम्हीच चालवायला घेतला, ट्रॉलीभर कांदा घेऊन चाकणच्या बाजारात गेलात. बायका बघायला उभ्या राहायच्या, पुरुषही. जमीन कंपन्यांना गेली तेव्हा पिकअप घेतला आणि भाजीचे क्रेट आकुर्डीपर्यंत पोचवलेत. पण जुनं घर पडलं, भाऊ फ्लॅटमध्ये गेले, आणि मग तुमचं ठरलं ते असं, की एक महिना आकुर्डीला आमच्याकडं आणि एक महिना चाकणला धाकट्या बबनभाऊजींकडं. दादा गेल्यावरही तसंच चाललं. मला त्यात वावगं वाटत नव्हतं. अजूनही पूर्ण वाटत नाही. घरं लहान होती. पण तुमची पिशवी कधी रिकामी झालेली मी बघितली नाही. आमच्या कपाटात मी तुम्हाला कप्पा दिला होता. तुम्ही कपडे त्यात न ठेवता पिशवीतच ठेवायचा.

जमिनीचा तुमचा वाटा हातात आला तेव्हा सगळे शहाणे झाले. काळेवाडीत एक खोली-किचन घ्या, असं बबनभाऊजींनी सांगितलं, दत्तानं सांगितलं, मीही सांगितलं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवला.

"आन तिथं कोण येनार?"

"आम्ही येऊ की," मी म्हटलं.

"मी बबनकडं असले तर तुमी आकुर्डीस्नं चाकनला येत न्हाई, वैनी. काळेवाडीला कशाला याल?"

आणि मग तुम्ही दत्ताच्या मोबाईलमध्ये ते चाकांवरचं घर दाखवलंत. कुठल्यातरी तळ्याकाठी उभं होतं. तुम्ही म्हणालात, "ह्याच्यात पोरं येतील. पोरं आली की आया येतील. आया आल्या की बापं पैसं द्यायला येतील." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं.

चाकणला कंपन्यांच्या मागच्या बाजूला एक शेड आहे, तिथं असली घरं बनवतात. आपण गेलो. मालक बरा माणूस होता, पण त्याला वाटलं ट्रेलर दत्ताला पाहिजे, म्हणून तो सगळं दत्ताला सांगायचा आणि तुम्ही सगळं त्याला विचारायचा. पहिला दाखवला तो सगळा पत्र्याचा, पक्का, बसच्या अर्धा. तुम्ही म्हणालात, "ह्यो आमच्या गल्लीत शिरला तर भाईर काढायला भिंत पाडावी लागंल." दुसरा सगळा कापडाचा, उघडला की तंबू. त्याला हात लावून तुम्ही म्हणालात, "वारा सुटला की पोरं गोळा करीत फिरायचं का आमी?" तिसरा मधे पक्का होता. ओटा, शेगडी, कपाटं आतच, छप्पर वर उचलायचं. आणि पुढच्या-मागच्या भिंतीतून दोन पलंग बाहेर ओढायचे, त्यांच्यावर जाड कापड.

"हा हायब्रिड आहे, आजी," मालक म्हणाला.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. आपण दोघींनी हायब्रीड ज्वारीची भाकरी खाल्लेली. मोडकी, चव नसलेली, थापायला घेतली की कडा फुटणारी.

"म्हंजी भाकरी बरी न्हाई व्हनार," तुम्ही म्हणालात.

"आजी, आत गॅस आहे, भाकरी होते," मालक बिचारा सांगायला लागला, आणि आपण दोघी त्याच्या शेडमध्ये पदर तोंडात घालून हसलो. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग तुम्ही चपला काढल्यात. तो म्हणाला, "राहू द्या, शेड आहे."

"शेड तुमचं. आत घर हाय," तुम्ही म्हणालात आणि अनवाणी आत चढलात. जमीन पायानं दाबून बघितली. कपाटाची झाकणं उघडून लावून बघितली. सांडपाणी कुठं जातं ते खाली वाकून बघितलं. मग बाहेर ओढलेल्या पलंगावर सगळ्यांसमोर आडव्या झालात. डोळे मिटलेत. आम्ही उभे. मालकाला काय करावं कळेना. तुम्ही डोळे न उघडताच विचारलंत, "किती जनं झोपत्यात?"

"सहा आरामात."

"आन दाटीवाटीनं?"

त्यानं बोटांवर मोजलं. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. "लहान मुलं धरून नऊ-दहा होतील."

"मंग तसं सांगा की. मला दाटीवाटीचंच पायजे."

निघताना त्यानं ओढायचं कसं ते सांगितलं. दत्ताची गाडी ओढू शकेल याची खात्री केली. गाडीच्या मागं लोखंडी गोळा असतो, त्याच्यावर ट्रेलरचं नाक बसतं. जड सामान चाकांच्या पुढं भरा, नाकावर थोडा भार राहू द्या, गोळ्याला ग्रीस लावा. तुम्ही मान हलवलीत. तुम्ही मान हलवली की दादा म्हणायचे, आता ही ऐकणार नाही.

ट्रेलर घेऊन धरणावर निघायच्या सकाळी मी खाली आले तर तुम्ही वाटीत हळद आणि तूप कालवून त्या गोळ्याला चोळत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळतात तशी. तोंडानं पुटपुटतही होता. मी म्हटलं, "वन्सं, ग्रीस सांगितलंय."

"ग्रीस काळं असतंय. घरची गाडी पयल्यांदा जुंपतोय, तिला काळं लावायचं?"

ते सोडून दिलं मी. पण मग बघितलं तर रात्री दत्तानं पुढं भरलेलं सगळं तुम्ही मागं नेलं होतं. पाण्याचे कॅन, कांद्याची गोणी, टेबल, पोरांच्या सायकली. तुम्ही ट्रेलरचं नाक एका बोटानं उचलून मला दाखवलंत.

"बघा वैनी. फुलावानी."

"मालकानं काय सांगितलं होतं?"

"मालकाच्या मानंवर कंदी जू आलंय का?"

मला लगेच पवळ्या आठवला. कांद्याच्या हंगामात त्या बैलाचा खांदा सुजला होता, कातडं गेलं होतं, माश्या बसत होत्या, आणि तरी दादांनी त्याला जुंपला. तुम्ही त्याच्याजवळ तेल-हळद घेऊन बसायचा. दादांशी तुम्ही पोळा येईपर्यंत बोलला नव्हता. त्यानंतर कुठलंही ओझं असो, जो ओढतो त्याच्या मानेवर भार नको, हे तुमचं पक्कं झालं. ट्रॅक्टरची ट्रॉली चार चाकांची, तिचा भार तिच्यापाशी, त्यामुळं तिथं कधी अडलं नाही. ह्या ट्रेलरला चाकं दोनच. बैलगाडी म्हणून तुम्ही तो उत्तम भरला होता.

आणि मग तो उतार.

बाभळीपाशी तुम्ही उतरून झाडामागं गेलात आणि ओकलात. पाण्यानं तोंड धुतलंत, पदरानं पुसलंत. तेवढ्यात बबनभाऊजी त्यांच्या गाडीतून मागनं आले. त्यांनी सगळं पाठीमागून बघितलं होतं. तोंड पांढरं पडलं होतं आणि आवाज चढला होता. "आक्का, उलाळ केलीस का काय? मागं भार घातलास?"

"उलाळ न्हाई. बरुबर तोलली व्हती."

"मंग?"

दुसरी कोणी असती तर तिनं दोष रस्त्यावर ढकलला असता, टायरवर ढकलला असता. मी तरी ढकलला असता. तुम्ही पोरांना जवळ बोलावलंत. "ऐका रं. आत्याआजीचं चुकलं. मी गाडीला बैल समजले. गाडीला खांदा नसतो. तिच्यावर भार असला तरच ती सरळ चालती. आता समद्यांनी हात लावा."

आणि सगळ्यांनी लावला. नऊ वर्षांची ओवी कांद्याच्या गोणीचं एक टोक धरून चालत होती. सामान पुढं गेलं. तुम्ही बोटानं नाक उचलून बघितलंत, उचललं नाही. दोन हातांनी बघितलंत, तेव्हा जेमतेम हललं. तुम्ही दत्ताकडं किल्ली मागितलीत.

मी म्हटलं, "आता दत्ता चालवेल."

"मी चालवनार."

"मग मी बसणार नाही. मी एसटीनं जाते."

"जावा. एसटी आत्ताच वर गेली. दुसरी संध्याकाळच्याला हाय. तवर ह्या बाभळीखाली बसा, काटं मोजा."

भाऊजी हसले, शीतल हसली, मला इतका राग आला की सांगता येत नाही. तुम्ही खिडकीतून वाकून हळू म्हणालात, "वैनी, आत्ता मी उतरले, तर ही पोरं परत ह्या घरात झोपनार न्हाईत." मी बसले. पदर डोक्यावरून घेऊन, डोळे मिटून, पण बसले. धरणापर्यंत ट्रेलर एकदाही हलला नाही.

पाण्याकाठी तुम्ही कोणाला हात लावू दिला नाहीत. एकटीनं चाकांना दगड लावलेत, ट्रेलरचे पाय टेकवलेत, छप्पर वर उचललंत. मग पुढचा पलंग बाहेर ओढलात आणि मागचा ओढलात. मी दगडावर बसून बघत होते. मला खरंच भीती वाटल्यासारखं झालं. एवढासा डबा, आणि त्याच्या भिंतीतून खोल्या निघत होत्या, आणि त्या काढणारी बाई इतकी वर्षं पिशवीतून राहिलेली. आणि मग तुम्ही दारात उभ्या राहिलात. आम्ही सगळे खाली, तुम्ही वर. तुम्ही म्हणालात, "या. आत या."

तुम्हाला हे आयुष्यभर दुसऱ्यांनी म्हटलं होतं. महिना बदलला की दारात उभं राहून मीच म्हणायची, या वन्सं, आत या. तुमच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. मी चपला काढून आत गेले. तुम्ही मला बसवलंत, तांब्याभर पाणी दिलंत, वर गुळाचा खडा दिलात, पाहुणीला देतात तसा. मी उठून ओट्याकडं जायला लागले तर म्हणालात, "बसा. माझ्या घरात माझ्या चुलीला हात लावायचा न्हाई." मी परत बसले आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

सकाळी मला सगळ्यांत आधी जाग आली. कापडातून उजेड येत होता, पिवळा. भाऊजींची मंडळी, आमची मंडळी, पोरं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून, दत्ता ओट्याखाली जमिनीवर. कोणाचं डोकं कुठं आणि कोणाचे पाय कुठं. ही माणसं एरवी लग्नात भेटली तर गाडी पार्किंगला लावली का एवढंच विचारतात. मी इतकी माणसं एका श्वासात झोपलेली लहानपणी खळ्यावर बघितली होती, त्यानंतर नाही. देवळात गेल्यावरही मला कधी तसं वाटलं नाही, जसं तिथं वाटलं. तुम्ही दाराच्या पायरीवर चहा घेऊन बसला होता.

मी शेजारी बसून म्हटलं, "वन्सं, काल तुमच्या धीरानं वाचलो."

तुम्ही म्हणालात, "कशाचा धीर? पाय रेसवरनं उचलला त्यो ब्रेकवर गेलाच न्हाई, वैनी. लाकूड झालता. ब्रेकच मारायचा व्हता मला."

नंतर दत्तानं शेडच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, तिथं जोरात ब्रेक दाबला असता तर ट्रेलरनं गाडी फिरवून खाली नेली असती. रेसवरून पाय काढायचा आणि चाक सरळ धरायचं, एवढंच हातात असतं. मी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मंग भ्यायलं त्ये बरं झालं." मी विचारलं, आणि हात? हात का नाही थरथरले? तुम्ही म्हणालात, "हाताचं मला ठाव न्हाई." ह्यावर आपण कितीदा भांडलो. मी म्हणायची तो धीर, तुम्ही म्हणायचा ती भीती. भ्यालेला पाय आणि न भ्यालेले हात एकाच बाईचे, एकाच वेळी, हे माझ्या डोक्यात अजून मावत नाही. भांडण तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात, म्हणून मी जिंकले असं होत नाही. उत्तर तुमच्याकडंही नव्हतं, असं मला आता वाटतं.

त्या सहलीनंतर तुम्ही आमच्याकडं महिन्याला आला नाहीत. चाकणला भाऊजींच्या बिल्डिंगच्या अंगणात तुमचं घर उभं राहिलं आणि तुम्ही त्यातच राहिलात. सुट्ट्या लागल्या की पोरं तुमच्याकडं. मीही येत होते, चपला काढून. मला तुम्ही एक कप्पा दिला होता. त्यात मी माझं एक लुगडं ठेवलं होतं, ते तिथंच आहे.

तुम्ही गेलात तेव्हा नात्यातले फोन करून विचारत होते. भाऊजी रडत सांगायचे, "आक्का गाडीत गेली." की तिकडून, "अरे देवा, अपघात कुठं झाला?" मग मी फोन घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, अपघात झाला नाही. त्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर गेल्या. सकाळी चहा झाला होता. कप धुऊन पालथा घातलेला होता.

भाऊजी म्हणतात, आता ट्रेलर विकू. दत्ता म्हणतो, ठेवू. मी अजून काही बोलले नाही. मे महिन्यात पोरांना सुट्टी लागते. ओढायचा झाला तर भार पुढं ठेवायचा, हे ओवीला ठाऊक आहे.

अपघात कुठं झाला हे विचारणाऱ्यांसाठी तेवढं लिहून ठेवते. धरणाच्या उतारावर त्या गाडीत दत्ता होता, शीतल होती, ओवी होती, मल्हार होता, मी होते आणि हौसाबाई होत्या. सगळे जगले.